बुडालेल्या हासिंतोचा उजेड

गुरुवारी सकाळी ओदिलियाने सलूनचं दार उघडलं, खुर्ची पुसली, एव्हरलिदेसचा कंगवा खणातून काढून आरशापुढे ठेवला, आणि मग तिला आठवलं की आज ती येईलच असं नाही.

तीसेक वर्षांत एव्हरलिदेसने एकही गुरुवार चुकवला नव्हता. नदीला मोठा पूर आला त्या साली ती होडीतून आली, ओदिलियाने होडी दाराच्या कडीला बांधली आणि होडीतच तिचे केस बसवले, असं सान्ता ब्रिहिदा गावात सांगतात. सांगणारे तेव्हा जन्मलेही नव्हते, पण म्हणून काय झालं. ऊन गल्लीत उतरायच्या बेताला ती यायची, "काय ओदिलियाबाई, बऱ्या आहात ना," म्हणायची आणि डोळे मिटून मान मागे टाकायची. ओदिलिया तिच्या मानेवरचा भोवरा ओला करून दाबून बसवायची. तसाच भोवरा ओदिलियाच्या मानेवर होता, त्याच जागी, त्याच बाजूला फिरलेला. दोघी एका आईच्या. पण हे इतक्या वर्षांत शब्दांत आलं नव्हतं. उलट त्या खुर्चीत बसून एव्हरलिदेस आपल्या बुडालेल्या भावाबद्दल बोलायची.

"हासिंतो असता तर आज साठीला आला असता."

"कसे होते हो ते?" ओदिलिया विचारायची.

"हट्टी. पण हात हलका. लहानपणी माझी वेणी तोच घालायचा."

"अरेरे. गेले बिचारे," ओदिलिया म्हणायची, आणि हलक्या हाताने पुढची बट गुंडाळायची.

असा हा संसार मजेत चालला होता. गेल्या रविवारी, सगळं गाव जेवायला बसलेलं असताना, तो कोसळला. आणि कोसळवला तो ओदिलियाच्या स्वतःच्याच घराने.

त्याची सुरुवात हायदीपासून झाली होती. हायदी ही ओदिलियाची तिसरी लेक. पोटची नव्हे; या घरात पोटचं कोणीच नव्हतं. मुलगा म्हणून जन्मलेल्या, बाई म्हणून जगायला निघालेल्या आणि त्यापायी आपापल्या घरांतून हाकललेल्या पोरी ओदिलियाच्या उंबऱ्याशी येऊन टेकायच्या. ती पुढ्यात ताट ठेवायची, आणि ताट रिकामं होईतो पोर तिची झालेली असायची. दिवसा सलून. दिवेलागणीला घाटाच्या रस्त्यावर बदामाच्या झाडांखाली उभं राहायचं, ट्रकवाल्यांची आणि नावाड्यांची वाट बघत. दुसरं काम त्यांना गावाने दिलं नाही, आणि दिलं नाही याचं गावाला वाईट वाटलं असंही नाही.

हायदीला न्युमोनिया झाला तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसली. खिडकीतला कारकून कागदावरचं नाव भोंग्यातून पुकारायचा, बाप्तिस्म्याचं, पुरुषाचं, आणि सगळा बाक वळून बघायचा की कोण उठतंय. हायदी उठली नाही. पुन्हा पुन्हा पुकारून कारकुनाने कागद खाली सारला. ती त्याच बाकावर गेली. गेल्यावरही पर्स मांडीवर नीट धरून बसलेली होती.

घरात सगळ्यांनी ऊर बडवून घेतला, फक्त ब्रिसा रडली नाही. ब्रिसा धाकटी, जिभेने तिखट. ती शहरात गेली आणि परत आली ती एक रेकॉर्डर आणि लिगिया नावाची एक प्राध्यापक घेऊन. लिगियाबाई म्हणाल्या, हे संशोधन माझं नाही, तुमचं. प्रश्न तुम्ही ठरवायचे, तुम्हीच एकमेकींना विचारायचे, आणि उत्तरं बाहेर जाण्याआधी या घरात सगळ्यांसमोर वाचायची. मग काय. ब्रिसा बदामाखाली रेकॉर्डर घेऊन बसायला लागली. गिऱ्हाइकं प्रश्न संपेपर्यंत शहाण्यासारखी रांगेत थांबायची. एका ट्रकवाल्याने तर स्वतःहून उत्तरं दिली, आणि रडून, धंदा न करताच निघून गेला. घरात जुन्या चादरीवर गावाचा नकाशा काढला. ज्या दारातून कोणाला कधी हाकललं होतं त्या दारावर लाल दोऱ्याचा एक टाका. शाळा, देऊळ, खानावळ, भाड्याच्या खोल्या. पंधरवड्यात गावात लाल दोरा मिळेनासा झाला.

एकच नियम ओदिलियाला चमत्कारिक वाटला होता.

"खोटं नाव सांग, माय," ब्रिसा म्हणाली होती.

"कशाला?"

"कोणी ओळखू नये म्हणून. नियम आहे."

ओदिलिया विचारात पडली. जन्मभर पोलिसांनी, घरमालकांनी, दवाखान्यानं तिच्याकडे खरं नाव मागितलं होतं, आणि तिने खरं सांगितलं की थोबाडीत खाल्ली होती. खोटं आजवर कोणीच मागितलं नव्हतं. तिच्याकडे खोटं नाव एकच होतं.

"हासिंतो," ती म्हणाली.

ब्रिसाने मान डोलावली. तिनेही स्वतःचं तेच केलं होतं. घरातल्या आणि घाटावरच्या झाडून सगळ्यांनी आपलं बाप्तिस्म्याचं नाव दिलं. यापेक्षा खोटं नाव असतं कुठे? घरात वाचन झालं तेव्हा त्या नावांवर पोट धरधरून हसून झालं, आणि कोणाच्या डोक्यात शंकेची पाल चुकचुकली नाही. लिगियाबाई शहरच्या; गावात कोणाचा बाप्तिस्मा कुठल्या नावाने झाला हे त्यांना कुठून ठाऊक असणार? ओळख लपवायला बायकांनी पुरुषांची नावं घेतली, ही युक्ती त्यांना फार आवडली.

आणि रविवारी दुपारी गावच्या रेडिओने त्या उत्तरांची छापलेली पुस्तिका वाचली. सुपाचे चमचे जागच्या जागी थांबले. एकेका घरात एकेक नाव जाऊन पडलं, पोस्टमनने पत्ता बघून टाकावं तसं. निवेदकाचा आवाज खर्जातला. तो वाचत होता:

"हासिंतो सांगते. घरच्यांनी मला मेलेला ठरवलं तेव्हा मी मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली उभी होते. काठावर माझा सदरा सापडला होता. बापाला खरं ठाऊक होतं, पण नदीनं नेला म्हणणं बरं दिसतं. आत माझ्या नावाने नऊ दिवसांची प्रार्थना चालली होती. मला भूक लागली. अंगात मावशीचा झगा होता, म्हणून चुलीपाशी कोणी ओळखलं नाही. माझ्याच मयताची कॉफी मी प्यायले आणि चीज खाल्लं. चीज खारट होतं."

सोमवारी कोणाच्या तरी मामाने दाराशी आंब्यांची टोपली ठेवली, नाव न सांगता. मंगळवारी नेल्सीच्या भावाने खिडकीची काच फोडली, नाव सांगून.

नेल्सी ही थोरली लेक. घराची चूल आणि घराची चिंता दोन्ही तिच्याकडे. आत्ता ती स्वयंपाकघरात केळीच्या पानात युका कंदाचे उंडे बांधत होती आणि दोऱ्याची प्रत्येक गाठ ब्रिसाचा गळा समजून आवळत होती.

"जाळून टाक म्हणते मी ती पुस्तिकांची खोकी," ती म्हणाली.

"शनिवारी दवाखान्यात सगळ्यांसमोर वाचायचीत ती," ब्रिसा म्हणाली. "तो भोंगा बंद होईल, नेल्सी. कागदावर तुझं खरं नाव येईल."

"माझ्या आईला एवढंच ठाऊक होतं की मी शहरात शिवणकाम करते. रेडिओवर ते नाव ऐकलं तिनं, झालं आता."

"ते खरं नव्हतं."

"पण छान होतं," नेल्सी म्हणाली.

कोपऱ्यात लिगियाबाई गार झालेल्या काळ्या कॉफीकडे बघत बसल्या होत्या. चार दिवसांत त्यांची झोप उडाली होती. "चूक माझी आहे," त्या पुन्हा म्हणाल्या.

"तुमचं काय चुकलं?" ओदिलिया सलूनमधून म्हणाली. "तुम्ही खोटं मागितलंत, आम्ही दिलं."

तिचं लक्ष बोलण्यात नव्हतं. ती आरशात बघत होती. हा आरसा एका मोडीत निघालेल्या जहाजावरचा. त्यात पाण्याचा अंश राहिल्यासारखे ढग होते, आणि तो जरा सुस्त होता. माणूस खुर्चीतून उठून गेला तरी तो आरशात काही काळ बसलेला दिसायचा. गेल्या गुरुवारची एव्हरलिदेस अजून त्यात अंधुकशी होती, डोळे मिटलेली. ओदिलियाने फडकं उचललं, आणि आरसा न पुसताच खाली ठेवलं.

एव्हरलिदेस तेव्हा गल्लीच्या तोंडाशी, बर्फाच्या कारखान्याच्या सावलीत उभी होती. पाय पुढे निघत नव्हते. रविवारी निवेदकाने पहिला शब्द उच्चारला तशी तिने धावत जाऊन घरातला रेडिओ बंद केला होता. पण आईचं काही कळत नव्हतं. दोन्या तोमासा, म्हणजे तोमासाबाई, नव्वदीकडे झुकलेली, कानाने अर्धी. ती पलंगावर माळ हातात धरून बसली होती, छपराकडे बघत. त्या दिवसापासून बोललीच नव्हती. आई कशावर जगते हे एव्हरलिदेसला पक्कं ठाऊक होतं. रोज संध्याकाळी बुडालेल्या हासिंतोच्या नावाने माळ ओढायची, दर वर्षी देवळात त्याच्यासाठी मिस्सा घालायची. तेवढ्या एका खांबावर ते म्हातारं घर उभं होतं. खांब काढला की छप्पर खाली. तिने पदराचं टोक आवळावं तशी पर्स आवळली आणि चालू लागली.

दारातून आत येताना ती "बऱ्या आहात ना" म्हणाली नाही. खुर्चीतही बसली नाही. आरशापुढचा कंगवा उचलून तिने पर्समध्ये टाकला.

ओदिलियाने ते पाहिलं. या गावात नेहमीच्या गिऱ्हाइकाचा कंगवा सलूनमध्येच राहतो. तो घरी नेतात दोनच वेळा: गाव सोडताना, नाही तर माणूस सोडताना.

"बसा ना," ओदिलिया म्हणाली.

"नको. तुझ्याकडे एक गोष्ट मागायला आलेय."

तू. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, आणि असं. ओदिलियाने खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं. आतून नेल्सी, ब्रिसा आणि लिगियाबाई दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"रेडिओवर जा," एव्हरलिदेस म्हणाली. "सांग की ती गोष्ट बनवलेली होती. हासिंतो नावाचं कोणी नाही. तू कोणाची कोणी नाहीस."

"माय असलं काही करणार नाही," ब्रिसा म्हणाली.

"तू गप," नेल्सी तिला म्हणाली. "बाई बरोबर बोलतायत. कोणाची म्हातारी आई मारून आपला दवाखाना सुधारायचा का? जिवंत आई सगळ्यांना नसते."

"हायदीलाही होती. मयतालाही आली नाही."

"म्हणून आता सगळ्यांच्या मारायच्या?"

ओदिलियाने हात वर केला आणि दोघी गप्प झाल्या. तिने लिगियाबाईंकडे पाहिलं. "परत घेता येतं का हो?"

लिगियाबाईंनी मान डोलावली. "जिची गोष्ट तिची मालकी. छापल्यावरही. तुम्ही म्हणालात तर ती पानं मी माझ्या हातांनी कापीन."

"माय, तुझीच पानं तर कणा आहेत त्या पुस्तिकेचा," ब्रिसा म्हणाली. आता तिचा आवाज तिखट राहिला नव्हता. "ती गेली की उरलं काय? शनिवारी आम्ही काय वाचणार?"

ओदिलिया खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. एका बाजूला हायदीची पर्स. दुसऱ्या बाजूला एक ओला भोवरा, जो दर गुरुवारी बोटाखाली यायचा. जगात रक्ताचं म्हणावं असं तिच्या वाट्याला आलं होतं ते तेवढंच, अंगठ्याएवढं.

"मी रेडिओवर सांगितलं," तिने हळूच विचारलं, "तर तो कंगवा इथे राहील?"

एव्हरलिदेसने खाली बघितलं. "राहील. सगळं पहिल्यासारखं. मी येईन, बसेन. मी तुझ्याकडून फार मागत नाही. मेलेल्यानं मेल्यासारखं राहावं, एवढंच."

स्वयंपाकघराच्या दारात काहीतरी पडलं. नेल्सीच्या हातातला उंडा होता तो. तिने तो उचलला नाही.

"बाई," ती म्हणाली, "सकाळपासून मी तुमच्या बाजूने भांडतेय. घसा दुखायला लागला. पण आता नाही. हिनं मला पहिलं ताट वाढलं तेव्हा मी तीन गावं उपाशी चालून आले होते. मेलेली बाई वाढते होय? ब्रिसा, खोकी कुठायत? मी वाचते शनिवारी. माझा आवाज मोठा आहे."

"तू गप बस," आता ब्रिसा म्हणाली. "मायला ठरवू दे."

पण मायचं ठरलं होतं. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. आरशात जरा उशिरा दिसलं. ती "बरं, सांगते" म्हणायला तोंड उघडणार, तोच गल्लीत एक तीनचाकी फटफटत येऊन थांबली. मालाची तीनचाकी, एरवी मासे आणि केळ्यांचे घड नेणारी. तिच्या मागच्या फळीवर झुलती खुर्ची दोरीने बांधली होती, आणि खुर्चीत दोन्या तोमासा बसली होती, देवळातल्या मिरवणुकीतल्या मूर्तीसारखी ताठ, हातात माळ. मागोमाग गल्लीतली कुत्री शिस्तीत, न भुंकता चालत आली होती.

"आई," एव्हरलिदेस म्हणाली, आणि भिंतीला टेकली.

"उतरवा मला," म्हातारी म्हणाली. "आणि ओरडू नका, मला ऐकू येतं."

ब्रिसाने आणि नेल्सीने खुर्चीसकट तिला आत आणलं आणि आरशासमोर ठेवलं. ती पिसाएवढी हलकी होती. तिने सलून न्याहाळलं, पंखा, चिमटे, लाल टाक्यांची चादर. ओदिलियाकडे तिने सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि खूप वेळ.

"रेडिओ तू बंद केलास," ती एव्हरलिदेसला म्हणाली, "पण शेजाऱ्यांचे सगळे चालू होते. अख्खी गल्ली बोलत होती. चार दिवस मी विचार केला. आता मला एकाच गोष्टीचा जाब पाहिजे." तिने माळ उचलून धरली. मणी झिजून तांदळाएवढे झाले होते. "हासिंतो बुडाला त्या दिवसापासून एक संध्याकाळ चुकवली नाही मी. तापात ओढली, बाळंतपणात ओढली, नवरा गेला त्या संध्याकाळी आधी हासिंतोची ओढली आणि मग त्याची. मेलेल्यांची प्रार्थना. आणि मेलेला तर कॉफी पीत होता. मग माझ्या प्रार्थना गेल्या कुठे?"

 पंखा तेवढा फिरत होता.

"येताना वाटेत फादरना विचारलं. ते म्हणाले, दोन्या तोमासा, काही वाया जात नाही, दुसऱ्या कुठल्या तरी गरजू आत्म्याला लागल्या असतील. दुसऱ्या? मी कोणा उपऱ्यासाठी गुडघे फोडले का? मला त्या परत पाहिजेत."

ओदिलिया पुढे आली. तिला म्हातारीच्या पायाशी बसायचं होतं, पण धीर झाला नाही. ती उभीच राहिली, गिऱ्हाइकासमोर उभी राहते तशी, हात पुसत.

"काय म्हणायचीस तू प्रार्थनेत?"

"काय म्हणतात तेच. प्रभो, त्याला सार्वकालिक विसावा दे."

"विसावा म्हणशील तर नाही लागला, आई," ओदिलिया म्हणाली. "खोली भाड्याने घेतली की महिन्यात सामान रस्त्यावर. देवळात बसले की बाक रिकामा व्हायचा. पोलीस यायचे तेव्हा या बदामांखालून त्या बदामांखाली. ताप आला तर कुठे जावं हे आम्हाला आजही माहीत नाही. विसावा कोणा दुसऱ्याला गेला असेल. असेल कोणी गाढ झोपलेला."

म्हातारीने मान डोलावली, हिशेब पटल्यासारखी. "मग झालं तर."

"पण प्रार्थना तिथे संपत नाही ना?"

"नाही. पुढे आहे. आणि अखंड प्रकाश त्याच्यावर प्रकाशो."

नेल्सी खाली बसली, होती तिथेच, जमिनीवर. ब्रिसाने तोंडावर हात ठेवला. लिगियाबाईंना काही कळलं नाही, कारण त्या गावच्या नव्हत्या. त्या एकीकडून दुसरीकडे बघत राहिल्या.

कारण घाटाच्या रस्त्यावर, तिसऱ्या बदामावर, एक दिवा आहे. पोरगेली ओदिलिया मावशीच्या झग्यात पहिल्यांदा त्याच्याखाली उभी राहिली, त्या आठवड्यापासून तो विझलेला कोणी पाहिला नाही. पुरात वीजघर बुडालं, गाव महिनाभर अंधारात होतं, तो जळत होता. वीज खात्याची माणसं आली आणि त्यांनी तार कापली. तो जळत होता. एका वायरमनने शिडी लावून बल्बच काढून नेला, म्हणतात, आणि खाली उतरून वर बघितलं तर जळत होता. मग ते "पाहणी केली" असं म्हणून गेले ते परत आले नाहीत. चाकू घेऊन आलेला माणूस त्या उजेडात यायला कचरायचा. पोलिसांची गाडी दुरूनच दिसायची. नाक्यावर पोरी मेल्या, नदीकाठी मेल्या, पण त्या दिव्याखाली आजवर एकही मेली नाही. गाव त्याला सैतानाचा दिवा म्हणायचं. घरातल्या पोरी त्याला मायचा दिवा म्हणायच्या. कोणी पाठवला, हे मायलाही माहीत नव्हतं.

"उजेड लागला, आई," ओदिलिया म्हणाली. "सगळाच्या सगळा. थेंबभर वाया गेला नाही. मी त्याच्याखाली उभी राहिले, आणि माझ्यामागून या पोरी."

 दोन्या तोमासाने हाताने दाराकडे खूण केली, आणि त्यांनी खुर्ची दारापर्यंत उचलून नेली. भर दुपार झाली होती. नदीवरून उन्हाची वाफ येत होती आणि बदामांची रांग त्या वाफेत तळ नसल्यासारखी तरंगत होती. तिसऱ्या झाडावर, त्या धगधगीत उन्हातही, एक फिकट ठिपका जळत होता, सोललेल्या लसणाच्या पाकळीसारखा.

"बारीक आहे," म्हातारी म्हणाली.

"संध्याकाळी मोठा दिसतो."

"हे ठाऊक असतं तर अजून एक माळ ओढली असती." तिने आरशाकडे मान वळवली. आरशात तिचा चेहरा हळूहळू आला, आणि त्याच्या मागे ओदिलियाचा. एकच कपाळ, एकच हनुवटी. मधे फक्त पंचवीस-तीस पावसाळे. "बापावर गेली नाहीस तू," ती म्हणाली. "बरं झालं."

एव्हरलिदेस भिंतीला टेकून रडत होती, आवाज न करता. "आई, गावात काय सांगायचं? कबर आहे त्याची. दगडावर नाव आहे."

"त्यात सदरा आहे. सदऱ्याला काय होतंय. दगड उलटा करा आणि मागच्या बाजूला माझं नाव खोदा, मला लवकरच लागेल." मग ओदिलियाकडे: "आणि ते चीजचं लिहिलंस ते चूक आहे."

"कोणतं?"

"खारट म्हणालीस. मी केलं होतं ते चीज. रडत रडत केलं, खारट व्हायचंच. पण रेडिओवर कारण सांगायला पाहिजे होतंस. गावाला वाटेल मला चीज येत नाही."

ओदिलियाला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचं काय झालं ते तिला आवरता येईना. ती खाली बसली, म्हातारीच्या पायाशी, जिथे तिला मघापासून बसायचं होतं. म्हातारीचा हात तिच्या मानेवर गेला, चाचपडला, आणि भोवऱ्यावर थांबला.

मग लिगियाबाई पुढे आल्या. "पानं… कापायची?"

"नाही," ओदिलिया डोळे पुसत म्हणाली. "चीजचं कारण घाला. आणि ते खोटं नाव काढा. माझं लावा. ओदिलिया."

"पण नियम…"

"नियम कशासाठी? कोणी ओळखू नये म्हणून ना. आता ज्यांनी ओळखायचं त्यांनी ओळखलं. बाकीच्यांना ज्याचं त्याचं विचारा. नेल्सीला शिवणकाम करायचं असेल तर शहरात शिवणकाम करू द्या."

"मी वाचणार आहे शनिवारी," नेल्सी जमिनीवरून म्हणाली. "नाव मग सांगेन."

तीनचाकीवर खुर्ची पुन्हा बांधली गेली. एव्हरलिदेस आईबरोबर चढली नाही; मागून चालत येते म्हणाली. दारात ती थांबली. आत आली, आरशाकडे न बघता खण उघडला, पर्समधला कंगवा त्यात ठेवला आणि खण लावला. मग ती आईच्या मागे निघाली.  आरशात मात्र ती गेल्यानंतरही बराच वेळ कंगवा ठेवत राहिली.

त्या संध्याकाळी एक गोष्ट घडली. तिची वर्णनं गावात निरनिराळी आहेत, पण घाटावर उभ्या असलेल्या सगळ्या एकच सांगतात. दिवेलागण झाली, वर गावातले दिवे लागले, आणि तिसऱ्या बदामावरचा दिवा फडफडला आणि विझला.

कोणी हललं नाही. पोरींनी तो अंधार आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांना त्यात स्वतःचे हात सापडेनात. नदीचा आवाज एकदम जवळ आला.

"माय," नेल्सी अंधारातून म्हणाली, "गेला."

ओदिलिया बदामाच्या खोडाला हात लावून उभी होती. तिला वर गावात, टेकाडावरच्या त्या घरात, पलंगावर बसलेली म्हातारी दिसत होती. हातात माळ. ओठ हलतायत. रोजचं नाव जिभेवर येतंय, आणि ती ते परत गिळतेय, कारण ते आता चालत नाही. जुन्या जिभेला नवं नाव सापडत नाहीये. एकदाच ऐकलेलं, आजच्याच दुपारी, आणि तेही अर्ध्या कानाने.

"थांबा जरा," ओदिलिया पोरींना म्हणाली. "शोधतेय ती."

त्या थांबल्या. एक ट्रक आला, वळला आणि गेला. कोणीतरी हळूच नाक ओढलं.

मग वर काहीतरी किरकिरलं, आणि दिवा लागला.